रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० साठी तीन हजारांच्या आत हीटेड ग्रिप्स (हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी) कोणत्या घ्याव्यात? सप्टेंबरअखेर लेहला निघतोय, पण 'स्वस्तातल्या जळतात' असं सगळे म्हणतात.

ग्रिप्स जळत नाहीत, जोडणी जळते. 'जळालेला' सेट उघडून बघा. बहुतेक वेळा आतली तापणारी तार शाबूत असते आणि कोळसा झालेला असतो तो हेडलाइटच्या वायरला मारलेला पिळा. दोष मात्र ग्रिपच्या माथी.

तीन हजारांत तीन प्रकार मिळतात. वेल्क्रोने वरून गुंडाळायचे पट्टे अजिबात घेऊ नका. उजवीकडे ते मुठीवरून सरकतात. हात पट्टा फिरवतो, ॲक्सिलरेटर जागेवरच. दुसरा प्रकार मूळ ग्रिपच्या आत चिकटवायच्या, तापणाऱ्या पातळ फिल्मचा. सगळ्यात स्वस्त, गाडीचं रूपही बदलत नाही, पण उष्णता जाड रबरातून बाहेर यायला पाच-सात मिनिटं लागतात. तिसरा म्हणजे तार आतच असलेली पूर्ण ग्रिप. बजेटमध्ये बसत असेल तर हीच घ्या, २२ मिलिमीटर हँडलची. डावी-उजवी वेगळी असते, कारण उजवी थ्रॉटल ट्यूबवर बसते आणि तिचं भोक मोठं असतं. ट्यूबवरच्या उंच रेघा कानशीने आणि पॉलिश पेपरने सपाट कराव्या लागतात. हातोडीने ठोकून बसवली की आतली तार तुटलीच समजा.

ब्रँड विचारलात, पण या किमतीत एकच माल दहा नावांनी विकला जातो. नावापेक्षा मल्टीमीटरवर (व्होल्ट-ओहम मोजायच्या मीटरवर) विश्वास ठेवा. पार्सल आलं की, परत करायची मुदत संपायच्या आत, दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स मोजा. ९ ओहम आला तर चालू गाडीच्या १३.५ व्होल्टला त्या मुठीत २० वॅट, जोडीत ४०. एवढं पुरे. २० ओहम आला तर जेमतेम ९ वॅट. खोक्यावर ५० छापलेलं असलं तरी ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत ती मूठ फक्त शोभेची. डाव्या बाजूचा आकडा थोडा कमी आला तर घाबरू नका, काही किटमध्ये तो मुद्दाम कमी ठेवतात. डावी मूठ थेट लोखंडी हँडलवर बसते आणि हँडल उष्णता पिऊन टाकतं. उजवीखाली प्लॅस्टिक असतं, म्हणून ती गरम राहते. फिल्म लावणार असाल तर डावीकडे आधी हँडलवर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, तिच्यावर फिल्म, मग रबर. हे न करता 'एकच बाजू चालते' म्हणून किटला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत.

आता जोडणी. यावरून माझी अनेकांशी खडाजंगी झालेली आहे, तेव्हा स्पष्टच लिहितो. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. 'रिले म्हणजे नखरे, हेडलाइटवरून घे की' हा सल्ला देणाऱ्याने एकदा हिशोब करावा. हॅलोजन दिवा असेल तर तो ५५-६० वॅटचा, म्हणजे चार अँपिअरच्या वर. ग्रिप्स आणखी तीन. एकाच बारीक वायरीतून, एकाच कनेक्टरमधून सात अँपिअर, तेही हेडलाइटच्या आतल्या उष्णतेत. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंदही करता येत नाही, म्हणजे हा भार सकाळपासून रात्रीपर्यंत. प्लॅस्टिक वितळणार नाही तर काय होईल? आणि ते वितळलं की आधी दिवा जातो, घाटात.

बरोबर पद्धत अशी. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून १ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून ग्रिप्सच्या स्विचला. ८६ ला टेल लाइटची, किल्लीबरोबर चालू होणारी वायर; रिलेची कॉइल अँपिअरचा पाचवा हिस्साही खात नाही, त्यामुळे मूळ वायरिंगला त्रास नाही. ८५ अर्थ. ग्रिप्सची काळी वायर मात्र थेट बॅटरीच्या मायनसला, रंग दिलेल्या पत्र्याला नको. पिळा मारून काळी टेप नाही. सोल्डर किंवा नीट दाबलेलं थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी), वर श्रिंक ट्यूब. रिले, फ्यूज, वायर हे सगळं मिळून काही शेकड्यांत होतं. किल्ली काढली की ग्रिप्स बंद, हा दुसरा फायदा. नाहीतर चहाला तासभर थांबलात की ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले ३ गेले, आणि थंडीत ती तशीही अर्धमेली असते.

स्वस्त किटमध्ये 'लो'साठी वायरीत एक जाडसर रेझिस्टर असतो. तो स्वतःच चटका बसेल इतका तापतो. टाकीखाली वायरींच्या जुडग्यात कोंबू नका, मोकळ्या हवेत फ्रेमला बांधा.

चिकटवण्यापूर्वी उजव्या मुठीची वायर कुठून बाहेर येते ते बघा. मूठ पूर्ण पिळल्यावर वायर सैल व्हायला हवी, ताणली जाता कामा नये, ब्रेक लिव्हरला अडकताही कामा नये. थोडा झोल ठेवून दहाएक सेंटिमीटरवर केबल टाय. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, सोडल्याबरोबर मूठ खाडकन मागे येते ना, हे तपासा. पूर्ण ग्रिपची वायर सर्वात आधी इथेच, मुठीतून बाहेर येते तिथे, तुटते.

मग इंजिन गरम करून, हेडलाइट चालू, ग्रिप्स फुल, बॅटरीवर मीटर लावा. २,५०० आरपीएमला १३.५ व्होल्टच्या आसपास हवेत. नुसत्या आयडलला १२.५ दिसत असतील तर गाडी बॅटरीतून खातेय. दरडीपाशी रांगेत थांबलात की ग्रिप्स बंद करायच्या.

हँडगार्ड नसतील तर आधी ते. तळहात भाजतोय आणि बोटांची मागची बाजू बधिर, ही तक्रार वाऱ्याची असते, ग्रिपची नाही. ग्लोव्ह्जही तळव्याला पातळ, वरून जाड असे.

काही गोष्टी राहिल्या. १००-१२५ सीसीच्या गाडीवर हा उद्योग करू नका, तिची बॅटरी ३ ते ५ अँपिअर-तासांची. तिथे रेक्झिनचे हँडल कव्हर उत्तम, दिसायला कसेही असोत. आणि मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झालेल्यांनी 'लो'च्या वर जाऊ नये, चटका कळत नाही. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग उघडण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. आणि फ्यूज उडाला म्हणून १५ चा टाकायचा नाही. ५ चेच दोन जास्तीचे बॅगेत ठेवा.