सौर पॅनेल निळे का दिसते?

प्रश्न : आमच्या गच्चीवर नुकतेच सौर पॅनेल बसवले आहे. सिलिकॉन करड्या रंगाचे असते, असे मुलीच्या पुस्तकात दिले आहे. मग पॅनेल निळे कसे, आणि हा रंग उन्हाने उतरेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हा लावलेला रंग नव्हे, त्यामुळे तो भिंतीवरच्या रंगासारखा विटणार नाही. उघडे, गुळगुळीत सिलिकॉन त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ३० टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवते, आणि सोलापूरचे एप्रिलमधले ऊन असे वाया घालवणे परवडणारे नाही. म्हणून त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा थर चढवतात. या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरींत अर्ध्या तरंगलांबीचे अंतर पडते, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींना खोडतात. तो प्रकाश नाहीसा न होता सिलिकॉनमध्ये शिरतो. हे गणित ६०० नॅनोमीटरच्या आसपासच्या नारिंगी प्रकाशाला नेमके जुळते, निळ्याला तितकेसे नाही, म्हणून उरलासुरला निळाच आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पुष्कळ पॅनेलांच्या वरच्या काचेवरही असाच, पण पारदर्शक लेप असतो. धूळ पुसताना तारेची घासणी वापरल्यास तो खरवडला जातो, तेव्हा मऊ फडके आणि पाणीच बरे.