डाएट शेकमधली कृत्रिम द्रव्यं पेशींना घातक आहेत का, हे प्रयोगशाळेत कसं तपासतात?
बहुतेकदा एमटीटी चाचणीने. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये आतड्याच्या किंवा यकृताच्या पेशी वाढवून त्यांवर शेक कमी-जास्त प्रमाणात सोडतात. साधारण 24 तासांनी एमटीटी हे पिवळं रंगद्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचं फॉर्मझान नावाचं जांभळं द्रव्य करतात. रंग फिका म्हणजे पेशी मेल्या किंवा मंदावल्या. डीएनए तुटलाय का, ते कॉमेट चाचणीत दिसतं.

पण निकाल जपून वाचा. शेकमधलं व्हिटॅमिन सी स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतं, पेशी मेल्या असल्या तरी! त्यामुळे तुलनेसाठी पेशींविना, नुसता शेक आणि एमटीटी असलेला एक खळगा हवाच. शिवाय अ‍ॅस्पार्टेम हे कृत्रिम गोडी आणणारं द्रव्य आतड्यातच फुटतं. ते अख्खंच यकृताच्या पेशींवर ओतून काय कळणार? नमुना आधी कृत्रिम पाचकरसांतून काढला असेल, तरच मी ते आकडे मनावर घेतो.