सोंगटी उलटी होते तेव्हा

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या अनघानं खुर्चीत नीट टेकायच्या आधीच पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ऑगस्ट २०२५ चा शेवटचा आठवडा होता. ऑनलाइन खेळांबद्दलचा नवा केंद्रीय कायदा नुकताच संसदेत मंजूर झाला होता आणि सगळीकडे त्याचीच चर्चा होती. "मॅडम, सरकारला कळलं, पण माझ्या नवऱ्याला कळत नाहीये. ह्यातून त्याला सोडवायचं कसं, तेवढं सांगा."

अनघा आणि समीर ही त्यांची खरी नावं नाहीत. ओळख पटेल अशा बाकीच्या खुणाही बदलल्या आहेत आणि हे लिहायला दोघांची परवानगी आहे. अनघा एक्केचाळीस वर्षांची, बँकेत नोकरीला. समीर चव्वेचाळीसचा, चाकणला एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो. मुलगी बारा वर्षांची. दर शनिवारी रात्री दहाला समीर हेडफोन लावून आतल्या खोलीत बसायचा, तो एक-दीडला उठायचा. त्याच्याबरोबर सांगलीच्या कॉलेजातले तीन मित्र असायचे. त्यातला एक आता नाशिकला, एक जर्मनीत स्टुटगार्टला आणि एक टोरांटोला. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात टोरांटोत दुपारचे साडेबारा असतात, म्हणून शनिवार. चौघं मिळून युद्धं खेळायचे. कधी वॉटर्लू, कधी दुसरं महायुद्ध, कधी आजचे रणगाडे आणि क्षेपणास्त्रं. शनिवार सोडून इतर दिवशीही तो मध्येच रात्री एकला उठून लॅपटॉप उघडायचा, कारण "चाल पाठवायची आहे."

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कधी आई मुलाबद्दल विचारते, कधी बायको नवऱ्याबद्दल, एकदा तर सून सासऱ्यांबद्दल बोलायला आली होती. रात्र रात्र मित्रांबरोबर युद्धाचे खेळ चालतात, हे व्यसन आहे का? माणूस हिंसक होईल का?

कायद्याचं आधी मिटवलं. २०२५ च्या त्या कायद्यानं बंदी आणली आहे ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. समीरच्या खेळात पैशांची देवघेव होती का, हे मी अनघाला स्पष्टच विचारलं. नव्हती. वर्षाकाठी एखादा खेळ तो विकत घ्यायचा, तोही तिला सांगून. पैसे जात असते तर ही गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली असती. म्हणून असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा पैशांबद्दलच विचारते.

दुसऱ्या भेटीला समीर आला. शाळेत पालकांना बोलावल्यावर मुलगा बसतो तसा अवघडून बसला होता. मी त्याला लॅपटॉप आणायला सांगून ठेवलं होतं. "मला दाखवा, काय खेळता ते."

त्यानं व्हॅसल नावाचा प्रोग्रॅम उघडला. हा मोफत मिळतो. पटावरचे युद्धखेळ दूरदूरच्या माणसांना एकत्र खेळता यावेत म्हणून तो तयार झाला आहे. पडद्यावर वॉटर्लूचा नकाशा आला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोन आखलेला. त्यावर नखाएवढ्या चौकोनी सोंगट्या, निळ्या फ्रेंचांच्या, लाल इंग्रजांच्या. प्रत्येकीवर दोन आकडे असतात, एक लढायच्या ताकदीचा आणि एक एका चालीत किती घरं जाता येईल त्याचा. समीर फ्रेंचांकडून खेळत होता. स्टुटगार्टच्या मित्राकडे इंग्रजांच्या मदतीला येणारी प्रशियन फौज होती. १८ जून १८१५ च्या दुपारी ती पूर्वेकडून आली तेव्हा नेपोलियनला आपल्या लोबो या सेनापतीचं राखीव दल तिकडे वळवावं लागलं होतं. समीरचा आवाज इथे बदलला. बोट पडद्यावर टेकवून तो सांगायला लागला, "बघा मॅडम, हे दल इकडे पाठवलं की मध्ये माझ्याकडे काही उरत नाही. नाही पाठवलं तर हा मागून येऊन बसतो."

मग त्यानं मला एक लढाई करून दाखवली. ताकदीची तुलना केली, तीनास एक. फासा टाकला. तक्त्यात उत्तर पाहिलं आणि एका लाल सोंगटीवर क्लिक करून ती उलटी केली. मागच्या बाजूला तेच चिन्ह होतं, आकडा मात्र निम्मा. "म्हणजे ही तुकडी अर्धी झाली," तो म्हणाला आणि पुढे निघाला.

ती उलटी झालेली सोंगटी माझ्या लक्षात राहिली.

आणखी एक गोष्ट त्यानं सहज सांगितली. या प्रोग्रॅमवर नियम संगणक पाळून घेत नाही, ते खेळणाऱ्यानंच पाळायचे. सोंगटी दोन घरं जास्त सरकवली तर तो अडवत नाही. चालींची नोंद फाइलमध्ये होते, ती ईमेलनं जाते आणि समोरचा ती एकेक पायरी उलगडून बघतो. म्हणजे सगळा खेळ भरवशावर चालतो. बावीस वर्षांची मैत्री असलेल्या चार माणसांना हा खेळ का आवडतो, ते मला तेव्हा समजलं.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात खेळाच्या विकाराची नोंद आहे. त्यात तीन गोष्टी बघायच्या असतात. खेळावरचा ताबा सुटलाय का, बाकीच्या सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ झालाय का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे किंवा वाढतंय का. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं आणि त्यानं घर, नोकरी, शिक्षण, नाती यांची नीट दिसेल एवढी हानी झालेली असावी लागते. नुसते तास मोजून हे ठरत नाही. समीर कामावर वेळेत जात होता, मुलीचं गणित घेत होता, गणपतीत दोन शनिवार खेळ बंद ठेवायचं त्यानं स्वतःहून मित्रांना सांगितलं होतं. विकार म्हणावा असं काही मला दिसलं नाही.

झोपेचा प्रश्न मात्र खरा होता. ईमेलवरच्या डावात चाल पाठवायला दोन-तीन दिवस हातात असतात, मग रात्री एकलाच का? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "तेव्हा घर शांत असतं." कारखान्यात माणसं कमी केली होती, दोघांचं काम त्याच्या एकट्यावर पडलं होतं. रात्री जाग आली की डोक्यात तेच फिरायचं. चाल हे लॅपटॉप उघडायला निमित्त होतं. झोप उडण्याची सुरुवात कारखान्यातून झाली होती. म्हणून आम्ही आधी झोपेवर काम केलं. ईमेलची चाल सकाळच्या चहाबरोबर करायची, एवढंच खेळाबाबतीत ठरलं.

हिंसेच्या भीतीबद्दलही सांगते, कारण तीच सगळ्यांच्या मनात असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडली. हिंसक व्हिडिओ गेम आणि ओरडणं, ढकलणं अशी आक्रमक वागणूक यांच्यात छोटासा संबंध दिसतो, पण समाजातल्या खऱ्या हिंसाचाराचं खापर या खेळांवर फोडायला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. तेही मारामारी दाखवणाऱ्या व्हिडिओ गेमबद्दल आहे. समीरच्या पटावर एकेका चालीचा विचार करायला वीस मिनिटं जायची.

हे सगळं मी अनघाला सांगितलं. आणि इथे माझी चूक झाली. तिला धीर यावा म्हणून मी इतिहासही सांगायला लागले. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्यानं असा खेळ आपल्या सैन्यापुढे मांडला आणि तो प्रशिक्षणात आला. १९४२ मध्ये लिव्हरपूलला नौदलातल्या तरुण मुलींनी जमिनीवर खडूनं समुद्र आखून जर्मन पाणबुड्यांशी कसं लढायचं याचे डाव मांडले आणि त्यातून शिकलेले डावपेच अटलांटिकवर वापरले गेले. मला स्वतःला त्या मुलींचं फार कौतुक वाटतं. अनघानं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मॅडम, माझा भाऊ सैन्यात आहे."

पहिल्या भेटीत हे ती बोलली नव्हती. मी विचारलंही नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. १० मे २०२५, शनिवार. तीन दिवस सीमेवर धुमश्चक्री चालू होती. भाऊ तिकडेच होता, बुधवारपासून त्याचा फोन नव्हता. साताऱ्याहून आई दर तासाला विचारत होती. संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली, पण फोन आला नाही. "आणि हा दहा वाजता हेडफोन लावून बसला. मी पाणी द्यायला गेले तर म्हणत होता, दोन टँक गेले तर गेले, तू पुढं रेट." भाऊ सुखरूप होता. रविवारी दुपारी त्याचा फोन आला. पण ते वाक्य तिच्या कानातून गेलं नाही. साडेतीन महिने तिनं ते कुणापाशी काढलं नव्हतं. त्याऐवजी ती तास मोजत होती आणि कात्रणं कापत होती.

हे घरात बोलता येत नव्हतं म्हणून पुढची भेट दोघांची ठेवली. अनघानं शब्दन् शब्द तसाच सांगितला. समीरचा चेहरा उतरला. "शस्त्रसंधी झाली होती, मला वाटलं आता धोका टळला," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "त्या रात्री आम्ही धड खेळलोच नाही. मी त्यांना सांगितलं होतं, मेहुण्याचा फोन लागत नाहीये. स्टुटगार्टचा दर दहा मिनिटांनी विचारत होता, आला का, आला का. मला भीती वाटत होती अनघा. तुला कसं सांगणार? तू आधीच..."

अनघा त्याच्याकडे बघत राहिली. "तू त्यांना सांगितलंस?"

तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे. आणि अशा घरांत माझं खरं काम असतं तेही हेच. पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे न बघता, समोरच्या पटाकडे बघत बघत बोलतात. नाशिकच्या मित्राच्या वडिलांचा बायॉप्सीचा रिपोर्ट, टोरांटोच्या मित्राचा मोडत चाललेला संसार, हे सगळं त्या हेडफोनमध्ये बोललं गेलं होतं, चालींच्या मधल्या वेळात. तो आधार मी कुणाचाही काढून घेणार नाही. पण समीरची भीती तिथेच थांबत होती, घरात पोचत नव्हती. एकाच घरात दोघं एकाच फोनची वाट बघत होते, तिला वाटलं ती एकटीच बघतेय. म्हणून घरच्यांना मी सांगते, किती वाजता उठला ते विचारू नका. आज काय बोललात, ते विचारा. आणि खेळणाऱ्याला सांगते, जे मित्रांना सांगता त्यातलं एक तरी वाक्य त्याच रात्री घरात सांगा. समीरला तेवढाच गृहपाठ दिला होता. पहिल्या आठवड्यात त्याला जमला नाही, दुसऱ्या आठवड्यात जमला.

दिवाळीत भाऊ सुट्टीवर आला. समीरनं त्याला पट दाखवला, तोही आजच्या काळातल्या रणगाड्यांचा. अनघाला ते आवडलं नव्हतं, पण भावानंच आग्रह धरला. त्यानं शांतपणे पाहिलं, आमच्याकडे सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत मांडलेल्या नकाशावर, असंच करतात म्हणाला, दोन-तीन चाली सुचवल्या. एक सोंगटी उलटी झाली तेव्हा त्यानं विचारलं, "दाजी, ह्यातल्या जखमींना मागं आणायला किती चाली लागतात?"

नियमांच्या पुस्तकात त्याला उत्तर नव्हतं. समीर मला हे सांगताना मध्येच थांबला होता.

आजच्या काळातला तो खेळ त्यानंतर चौघांनी बंद केला. मी तसं सुचवलं नव्हतं. आधुनिक युद्धाचे पट मांडणारे सगळे कोडगे असतात असं मला वाटत नाही, लष्करी विषयांचे अभ्यासकही ते मांडतात. पण ज्या घरातलं माणूस सीमेवर आहे, त्या घरात दोनशे वर्षांपूर्वीची लढाई आणि आजची लढाई सारखी नसते, आणि कुठली चालेल हे ठरवण्याचा हक्क वाट बघणाऱ्यालाही आहे.

समीर आता पानिपतचा पट तयार करतोय, नाशिकच्या मित्राबरोबर. पुस्तकं वाचून रसदेचे नियम लिहितोय. अब्दाली ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतजवळ यमुना उतरला, नोव्हेंबरपासून मराठी छावणी पानिपतला अडकली, डिसेंबरमध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि गंगा-यमुनेच्या दोआबातून दाणागोटा यायची आशा संपली. १४ जानेवारीपर्यंत फौज कशी जगवायची, हाच सगळा खेळ. शेवटच्या भेटीत त्यानं छापून आणलेला नकाशा माझ्या टेबलावर पसरला आणि अनघानं विचारलं, "बुणगे कुठायत?"

लढणाऱ्यांबरोबर गेलेली बायकामुलं, यात्रेकरू, नोकरचाकर. समीर म्हणाला, त्यांना लढता येत नाही, म्हणून अजून सोंगट्या केल्या नाहीत. ती म्हणाली, "खातात तर." मग दोघांचं सुरू झालं. बुणग्यांना मागे ठेवून फौजेला निघून जाता यावं का नाही, ठेवलं तर खेळणाऱ्याचे किती गुण जावेत. ती म्हणत होती सगळे जावेत. तो म्हणत होता मग कुणी निघणारच नाही. ती म्हणाली, "मग नाहीच निघायचं."

भेटीची वेळ संपून दहा मिनिटं झाली होती. मी बाहेर जाऊन पुढच्यांना थोडं थांबायला सांगून आले.