जुन्या घराची दुरुस्ती स्वतः करावी की मेस्त्री बोलवावा?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घराची चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, डागडुजी स्वतः करावी की मेस्त्रीला द्यावी. आमचं डिचोलीचं घरही तसंच. मी सांगेन, रंग स्वतः द्या, पण त्याआधी भिंत जाणत्या गवंड्याला दाखवा.

आम्ही माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळं-पानांची चौकट) बांधतो त्या खोलीत भिंतीला तळाशी हातभर ओल यायची. मी पुट्टी भरून वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले. चवथीला भिंत झकास दिसली. पुढच्या जुलैत फोड आले. बोट लावलं की पांढरी भुकटी. खरवडून परत रंगवलं, परत तेच. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला आणलं. थापीच्या मुठीने तो भिंत ठोकत खाली आला. वर टणटण, खाली ढबढब. तिथली खपली उचकटली तर आत चिरा ओलाचिंब. मूळ भिंत चुन्याची, तिच्यावर मागे कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो. चुन्यातून ते उडून जायचं, सिमेंटने कोंडून ठेवलं. त्या पाण्याबरोबर वर येणारे क्षार म्हणजेच ती भुकटी. तो पट्टा काढून चुन्याचा गिलावा केला, तेव्हा कुठे भिंत सुकली.

म्हणून हे काम चवथीच्या तोंडावर नकोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, पावसाआधी चुना वाळायला वेळ मिळतो. आणि अंगावर (ठरावीक रकमेत ठेक्याने) देऊ नका, रोजावर द्या. चुन्याचा हात घाईने बसत नाही.

छपरावर तर स्वतः चढूच नका. मंगळुरी कौलाखालची रीप कुजलेली असली तर वरून कळत नाही, पाय सरळ आत जातो. कौलं परतणाऱ्यालाच मे महिन्यात बोलवा. वायरिंगला परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा, आणि ओल्या भिंतींच्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) त्याच्याकडून बसवून घ्याच.

बाकी दारं-खिडक्या घासणं, पॉलिश, चुन्याची सफेदी हे सगळं घरच्या घरी होतं. सिमेंट उतरवायलाही गवंड्याबरोबर तुम्ही लागू शकता. फक्त छिन्नी तिरकी धरा. चिरा मऊ असतो, सरळ घाव घातला तर त्याचाच टवका उडतो. आणि चुना भिजवताना, ढवळताना डोळ्यांना चष्मा हवाच. थेंब उडाला तर डोळा भाजतो.