पीईच्या (प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे विकणाऱ्या फंडांच्या) मुलाखतीआधी, न्यूयॉर्कहून

आधी एक्सेल बंद कर आणि कागदावर एलबीओ, म्हणजे बरंचसं कर्ज काढून कंपनी विकत घेण्याचं गणित, सोडव. एबिटडा (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा) १००, कंपनी त्याच्या दहा पटीला घेतली: ६०० कर्ज, ४०० आपले. पाच वर्षांनी विकताना एबिटडा १५०, पट तीच, कर्ज ४०० उरलं, तर हाती ११००. पावणेतीन पट, आयआरआर (दर वर्षाचा परतावा) साधारण २२ टक्के. हे बोलताबोलता जमायला हवं. (मी पहिल्यांदा कर्ज वजा करायलाच विसरलो होतो!)

तू बँकेत केलेल्या डीलबद्दल विचारलं तर बँकेचं कौतुक नको. तू स्वतःचे पैसे त्यात घातले असतेस का, ते सांग. हेडहंटरशी (फंडांसाठी उमेदवार शोधणाऱ्याशी) कॉफी हीसुद्धा मुलाखतच.

आणि जरा जपून. २०२५ मध्ये जेपी मॉर्गनने नव्या अ‍ॅनालिस्टना बजावलं होतं: पहिल्या १८ महिन्यांत दुसरीकडची ऑफर स्वीकारलीत तर नोकरी जाईल. तुझ्या बँकेचा नियम हेडहंटरला फोन करण्याआधी वाच.