पर्यावरणाच्या मुद्द्यावर लढणारा उमेदवार दारोदार फिरून खरंच निवडून येतो का?

तुमचा प्रश्न वाचला. प्रभागात टेकडीवरच्या रस्त्याविरुद्ध दोन वर्षं मोर्चे निघाले, सह्या झाल्या, आणि त्याच विषयावर उभा राहिलेल्या माणसाचं निवडणुकीत डिपॉझिट गेलं. तुम्ही विचारताय, लोकांना झाडं हवी असतात पण बटण दाबताना आठवत नाहीत, मग घरोघरी फिरून उपयोग काय?

उपयोग होतो. मात्र आपल्याला वाटतो तसा होत नाही. २०२२ मध्ये मेलबर्नमध्ये अशाच एका मोहिमेत मी सहा आठवडे दारं वाजवली, त्यावरून लिहिते.

मी मूळची चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आईबाबा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होते आणि मी इथे मेलबर्नमध्ये फोन हातात घेऊन. लागतच नव्हता. पाणी उतरल्यावर घरातलं लोखंडी कपाट आडवं पडलेलं सापडलं, आणि आईच्या साड्यांचा चिखलाचा वास कितीही धुतलं तरी गेला नाही. त्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी २०२० मध्ये, इथे वणव्यांचा धूर इतका होता की ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत एका खेळाडूला खोकला अनावर होऊन सामना सोडावा लागला. आम्ही खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल लावून बसलो होतो. राजकारणाची मला आवड नाही. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे ऐकतच मोठी झाले. पण ऑफिसमधली एकजण म्हणाली, शनिवारी येतेस का, तर गेले.

आमचा मतदारसंघ कूयाँग. दीर्घकाळ पंतप्रधान राहिलेल्या मेन्झींची ही जागा, १९०१ पासून कधीच उजव्या विचारांच्या लिबरल पक्षाच्या किंवा त्याच्या पूर्वजांच्या हातून न गेलेली. समोर जॉश फ्रायडेनबर्ग, म्हणजे देशाचे तेव्हाचे अर्थमंत्री. आमच्या उमेदवार मोनिक रायन, लहान मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञ, याआधी कुठलीच निवडणूक न लढलेल्या, अपक्ष. हवामान, भ्रष्टाचारविरोधी आयोग आणि स्त्रियांची सुरक्षितता हे मुद्दे. अशाच मुद्द्यांवर सिडनी, मेलबर्न, पर्थमध्ये आणखीही अपक्ष बायका उभ्या होत्या. प्रचाराच्या निळसर-हिरव्या रंगावरून त्यांना ‘टील’ म्हणू लागले.

पण खरी गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधीची आहे, आणि तुमच्या कामाची तीच आहे.

व्हिक्टोरियाच्या ईशान्येला इंडी नावाचा ग्रामीण मतदारसंघ आहे. पारंपरिक, एका पक्षाचा, त्यामुळे कोणी भाव न दिलेला. २०१२ मध्ये तिथल्या काही लोकांनी गट केला. त्यांनी उमेदवार शोधला नाही, जाहीरनामा लिहिला नाही. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बैठका घेतल्या. एका घरात आठ-दहा माणसं, चहा, आणि दोन-चार साधे प्रश्न: इथे राहायला काय चांगलं वाटतं, काय खुपतं, आपला खासदार कसा असावा. यजमानाने वाद घालायचा नाही, फक्त लिहून घ्यायचं. शेकडो लोक असे बसले. निघालं काय, तर मोबाईलला रेंज नाही, रेल्वे वेळेवर नाही, मुलं शहरात जातात ती परत येत नाहीत. जे ऐकलं त्याचा अहवाल करून सगळ्यांना वाटला, आणि मग त्यातूनच कॅथी मॅकगोवन उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये त्या ४३९ मतांनी जिंकल्या. २०१९ मध्ये त्यांच्या जागी हेलन हेन्स आल्या, त्याही अपक्ष. त्याच वर्षी सिडनीत ‘झाली स्टेगल’ नावाच्या अपक्ष बाईंनी माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांना पाडलं, तेही हवामानाच्याच मुद्द्यावर.

क्रम बघा. आधी ऐकणं, मग अहवाल, मग उमेदवार, मग दारं. आपल्याकडे हे नेमकं उलटं चालतं. उमेदवार ठरतो, फ्लेक्स लागतो, आणि शेवटच्या दहा दिवसांत कार्यकर्ते पत्रकं घेऊन जिने चढतात.

माझा पहिला शनिवार फुकट गेला. आम्हाला कागदावर चार वाक्यं दिली होती, ‘आधी विचारा, मग बोला’ असंही बजावलं होतं, पण मी घाबरून सगळं एका दमात म्हणून टाकायचे. उत्सर्जन, टक्केवारी, २०३०. लोक सभ्यपणे दार लावून घ्यायचे. बालविनच्या उतारावर, १०९ नंबरच्या ट्रामच्या रस्त्यापासून चार घरं आत, एक आजोबा गुलाबाची छाटणी करत होते. म्हणाले, चाळीस वर्षं लिबरलला मत देतोय, तुझा वेळ घालवू नकोस. माझे पाय दुखत होते, म्हणून पुढचं वाक्य म्हणण्याऐवजी विचारलं, यंदा पक्षाबद्दल कसं वाटतंय?

वीस मिनिटं ते बोलले. हवामानावर अक्षरही नाही. क्रीडासंकुलांची सरकारी अनुदानं मतदारसंघ बघून वाटली याचा त्यांना संताप होता. “आमच्या वेळी लाज होती.” मी मध्ये बोलले नाही. मग त्यांनी विचारलं, तू कुठली? मी नदीचं, कपाटाचं सांगितलं. ते ग्रीसच्या इव्हिया बेटावरचे. ऑगस्ट २०२१ मध्ये ते बेट पेटलं होतं. त्यांच्या चुलतभावाची ऑलिव्हची झाडं गेली होती. कात्री खिशात घालून म्हणाले, विचार करतो. मोहिमेच्या ॲपमध्ये प्रत्येक दारासाठी एक ते पाच आकडे असायचे, एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधी. मी तीन टाकला. त्यांनी मत कोणाला दिलं ते मला आजही माहीत नाही. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर त्यांनी दोन्ही बाजूंची पत्रकं घेतली, मला मान हलवून दाखवली आणि मतदान केंद्रावर विकतात त्या सॉसेजच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

आता यातलं किती खरं आणि किती माझी समजूत? संशोधन काय म्हणतं तेही सांगायला हवं, कारण कार्यकर्ते ते सोयीस्करपणे विसरतात. येल विद्यापीठाच्या गर्बर आणि ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात प्रयोग केला. समोरासमोर येऊन कोणी ‘मतदानाला या’ म्हटलं की मतदान स्पष्टपणे वाढलं, भाड्याच्या लोकांनी केलेल्या फोनने वाढलं नाही. पण मत *बदलण्याची* गोष्ट वेगळी. काला आणि ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतले ४९ प्रयोग एकत्र तपासले. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने मत बदलण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणूनच अमेरिकेत ‘एन्व्हायरन्मेंटल व्होटर प्रोजेक्ट’ नावाची २०१५ मध्ये सुरू झालेली संस्था कोणाचं मन वळवायच्या भानगडीतच पडत नाही. ज्यांना पर्यावरणाची काळजी आहे पण जे मतदानालाच जात नाहीत अशांना ती शोधते, आणि फक्त त्यांनी जावं म्हणून मागे लागते. उमेदवाराचं नावही घेत नाही. मला ही युक्ती फार आवडते. तुमच्या टेकडीच्या मोर्चातले किती जण मतदानाच्या दिवशी जोडसुट्टी बघून महाबळेश्वरला होते, हे एकदा मोजा.

ऑस्ट्रेलियात ती युक्ती निरुपयोगी. इथे १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे, गेलं नाही तर वीस डॉलर दंड, त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक जातातच. दुसरं, इथे पसंतीक्रम असतो. आवडता उमेदवार एक नंबरला, आणि तो बाद झाला तर मत पुढच्या पसंतीला जातं. कूयाँगमध्ये पहिल्या पसंतीत फ्रायडेनबर्गच पुढे होते. लेबर आणि ग्रीन्स या पक्षांची मतं फिरून आली तेव्हा रायन जिंकल्या. आपल्याकडे हा हिशोब चालत नाही. मत फुटलं की फुटलं. तुमच्या माणसाचं डिपॉझिट गेलं त्यामागे झाडांबद्दलच्या उदासीनतेपेक्षा ‘याला देऊन मत वाया घालवू का’ हा विचार मोठा असेल असं मला वाटतं.

मग इथे दारं वाजवून नक्की काय झालं? माझं मत असं की आमच्या बोलण्याने फार कमी लोक बदलले. बदलायला बरेच आधीच तयार होते, पण आपण एकटेच असू असं त्यांना वाटत होतं. कुंपणावर फलक लागले, मुलाच्या शाळेतली ओळखीची आई टील टीशर्ट घालून फाटकात उभी दिसली, आणि ‘पक्ष सोडला तर लोक काय म्हणतील’ हा प्रश्न मिटला. अनोळखी भाड्याच्या प्रचारकाला हे जमत नाही.

दुसरी बाजूही सांगते. अशा अपक्षांना पैसे पुरवणारा ‘क्लायमेट २००’ हा निधी नसता तर हे इतकं झालं नसतं. देणग्या हजारो लोकांच्या असल्या तरी मोठे धनिक त्यात होतेच. हे मतदारसंघही श्रीमंत. वीज बिलाची चिंता नसलेल्या माणसाशी हवामानावर बोलणं सोपं जातं. आपल्या भारतीय घरांत तर मला सगळ्यात थंड स्वागत मिळालं: “कशाला पडतेस यात, आपण बाहेरचे.” हे मराठीत ऐकलं, चकलीबरोबर. आणि २०२२ चा हवामान कायदा, २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनात ४३ टक्के घट, तो सत्तेवर आलेल्या लेबरला खालच्या सभागृहात टीलांशिवायही मंजूर करता आला असता. त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या, काही घेतल्या गेल्या, इतकंच.

विजय टिकतोच असंही नाही. मे २०२५ मध्ये रायन जेमतेम वाचल्या. शेजारच्या गोल्डस्टीनमध्ये झोई डॅनियल मतमोजणीच्या रात्री जिंकल्यासारख्या होत्या, आणि अखेर १७५ मतांनी हरल्या. सिडनीच्या ब्रॅडफील्डमध्ये उलट झालं. फेरमोजणीनंतर अपक्ष उमेदवार २६ मतांनी आली. आमच्या एका शनिवारच्या यादीत याहून जास्त दारं असायची.

तुमच्यासाठी एवढंच सुचवते. चार सदस्यांच्या प्रभागात अपक्षाने एकट्याने धावणं अवघड आहे, आवाका फार मोठा. त्यामुळे उमेदवाराचं आत्ता विसरा. प्रभागाची मतदार यादी मिळवा, त्यात मोर्चाला आलेल्यांची नावं खुणा करून शोधा. बऱ्याच जणांची नावं दुसऱ्याच पत्त्यावर निघतील, ती आधी दुरुस्त करून घ्या. मग सोसायट्यांमध्ये आठ-दहा जणांच्या बैठका लावा आणि टेकडीचा विषय स्वतःहून काढू नका. लोक पाण्याच्या टँकरबद्दल बोलतील, पार्किंगबद्दल बोलतील. लिहून घ्या. टँकरवरून टेकडीत मुरणाऱ्या पाण्यापर्यंत कोणीतरी येईलच, आणि नाही आलं तर तेही लिहून ठेवा. चहा मात्र चांगला करा. इंडीच्या लोकांकडे केक होता, आपल्याकडे निदान खारी हवी.