प्रौढांना शिकवणाऱ्यांची तयारी : आफ्रिकेतील तीन तऱ्हा

प्रश्न : नवभारत साक्षरता कार्यक्रमात मी स्वयंसेवक म्हणून शिकवते. आफ्रिकेत अशा कामासाठी रीतसर पदवी लागते असे ऐकले, ते खरे आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : निम्मे खरे आहे. पदव्या आहेत, परंतु त्या घेणारे बहुधा वर्गावर नसतात, ते कार्यक्रमाचे नियोजन व देखरेख पाहतात. बोट्स्वानाच्या विद्यापीठात प्रौढशिक्षणाचे पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहेत. मात्र १९८१ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता कार्यक्रमात प्रत्यक्ष शिकवणारे गटप्रमुख बेताचे शालेय शिक्षण झालेले स्थानिक लोक असत, आणि अल्प मुदतीच्या प्रशिक्षणावर व तुटपुंज्या मानधनावर त्यांना काम करावे लागे. त्यातच वाचनाची पुस्तके सेत्स्वाना भाषेत असल्यामुळे ती जेथे घरची भाषा नव्हती तेथे त्यांची आणखीच पंचाईत होई.

टांझानियाचा अनुभव अधिक विचार करण्याजोगा आहे. दार-ए-सलाममधील प्रौढशिक्षण संस्थेने १९७३ च्या ‘म्तू नी आफ्या’ या आरोग्यमोहिमेसाठी सुमारे ७५ हजार गटप्रमुख तयार केले. आधी वरच्या पातळीवरील प्रशिक्षक आणि मग त्यांच्याकडून गावोगावचे गटप्रमुख, अशी ती उतरंड होती. गटप्रमुखाने व्याख्यान द्यायचे नव्हते. सर्वांनी मिळून रेडिओवरील कार्यक्रम ऐकायचा, पुस्तिकेतील त्या विषयाचा भाग मोठ्याने वाचायचा, त्यात सांगितलेला आजार आपल्या गावात का होतो यावर सर्वांना बोलते करायचे आणि शौचालयासाठी खड्डा खणण्यासारखे एखादे काम ठरवूनच उठायचे. काम इतके आखीव होते म्हणूनच थोडक्या प्रशिक्षणावर भागले, असे माझे मत आहे. साक्षरता वर्गात तसे भागत नाही. पन्नाशीच्या माणसाच्या हाती पहिल्यांदा पेन्सिल देताना त्याचा संकोच कसा घालवायचा, हे पुस्तिकेत आखून देता येत नाही (हे आपल्याला अधिक ठाऊक असेल).

दक्षिण आफ्रिकेने २००८ मध्ये ‘खा री गुडे’ ही प्रौढ साक्षरता मोहीम सुरू केली, तीही मानधनावरील स्वयंसेवकांच्याच बळावर. पुढे २०१५ साली प्रौढशिक्षण केंद्रे प्रांतांकडून राष्ट्रीय उच्च शिक्षण खात्याकडे गेली आणि त्याच वर्षी या शिक्षकांच्या पदविका-पदव्यांसाठी किमान निकषही ठरले. निकष योग्यच आहेत; पण ज्या क्षेत्रात अनेकांची नेमणूक कंत्राटी असते, तेथे काही वर्षे खर्चून पदवी घेण्यास किती जण धजावतील, याचे उत्तर त्या निकषांत नाही.